हजेरीपटावरचे नाव आणि फडातले लेकरू

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेचे दुसरे सत्र सुरू होते नेमके तेव्हाच लेकरू मायबापाबरोबर गाडीत बसते. फडात ते धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते, पाणी आणते. परत येते तेव्हा वर्ष सरलेले असते. हजेरीपटावर नाव असते, पण पाटी कोरी.

हे दुखणे आजचे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी होती. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की महाराजांनी आधी १९०१ पासून वसतिगृहे काढली, दंड मागाहून आला. आधी निवारा, मग सक्ती.

बाबासाहेबांनी तर या रोगाचे मोजमापच मांडले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठराच चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, ते त्यानंतर आठच दिवसांनी. त्याआधी १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले होते. पाण्याचा लढा आणि शाळेचा लढा त्यांच्या लेखी वेगळे नव्हते.

आम्ही हे सगळे फार उशिरा वाचले. गिरणीतली पाळी सुटली की आम्ही चार-पाच कार्यकर्ते वस्तीत फिरायचो. लेकरे शाळेत का नाहीत म्हणून मायबापांना झाडायचो. एकदा एक बाई म्हणाली, "दादा, शाळा तर जवळच हाय. पण आमी तिकडं गेल्यावर लेकराला भाकर कोण घालणार?" आमची मान खाली गेली. आम्ही भाषण घेऊन गेलो होतो, भाकरीचे काय ते ठरवूनच गेलो नव्हतो.

पुढे कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे झाली. आजी-आजोबांपाशी राहिलेल्या लेकरांना जेवण मिळू लागले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा हा हक्क झाला. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. हे सगळे चांगलेच. पण कायद्याला लेकराचे तोंड ओळखता येत नाही. आज कोण आले नाही, हे शेजाऱ्यालाच आधी कळते.

म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनी आमचे एवढेच मागणे आहे. दिवाळीच्या आत वस्तीतल्या जाणाऱ्या कुटुंबांची यादी करू. ज्याच्या घरी आजी-आजोबा नाहीत, त्याचे लेकरू कुणाच्या घरी राहील ते विहारात बसून ठरवू. संध्याकाळी वंदनेनंतर तासभर अभ्यास घेऊ. दोन दिवस पोर शाळेत दिसले नाही तर कुणीतरी दारात जाऊन विचारावे, रागावून नव्हे, मायेने.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या लोकांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे सोसली. कित्येकांची घरे जळाली, माणसे गेली. ते नाव कमानीवर लागले. आता त्या कमानीखालून आपले लेकरू आत गेले पाहिजे. त्याची वाट चौथीच्या वर्गातून जाते. ती मधेच तुटू द्यायची नाही.

जय भीम.