आडातलं पाणी

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालाच्या पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून चला. दगड ओला असतो आणि आत अंधार असतो. बाहेर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर अजून ऐकू येते आहे. आणखी खाली उतरलात की ती विरते आणि बोरी नदीचा आवाज तेवढा उरतो. आता वर या. रस्ता तोच आहे, पण त्यावर एकही ट्रक नाही. आज सोमवार आहे, 13 सप्टेंबर 1948. अजून पुरतं उजाडलेलं नाही.

खिशात हात घाला. नाणी हाली सिक्क्याची आहेत, निजामाची. तुम्ही एका बेटावर उभे आहात. भोवती समुद्र नाही, चारही अंगांनी हिंदुस्थान आहे. मधे 16 जिल्ह्यांचं हैदराबाद संस्थान, त्याचं नाणं वेगळं, फौज वेगळी, दप्तराची भाषाही वेगळी. शेतात, बाजारात, चुलीपुढे मराठी. कचेरीतला कागद उर्दू. धाराशिवचं उस्मानाबाद झालं ते सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या नावावरून. पश्चिमेला बार्शी आणि सोलापूर. तिथं वर्षापूर्वी झेंडा बदलला, इथं नाही.

या उन्हाळ्यात गावं रात्रीची जागली आहेत. लातूर अजून याच उस्मानाबाद जिल्ह्यात आहे आणि रझाकारांचा, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, पुढारी कासीम रझवी हा तिथलाच वकील. गावावर रक्कम बसवायची, दिली नाही तर लूट, जाळपोळ, खून, बायकांवर हात. ज्यांना जमलं ते पोराबाळांना गाडीत घालून हद्दीपलीकडे गेले. जे उरलेत त्यांच्या डोळ्यांत बघा. ही भीती खरी आहे. पुढे जे दिसणार आहे ते समजून घेताना ती विसरू नका, आणि तिची ढालही करू नका. ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारलं गेलं, संस्थान हिंदुस्थानात सामील व्हावं असं ते लिहीत होते. रझाकार म्हणजे सगळा मुसलमान समाज असं म्हणणाऱ्यानं हे नाव एकदा मोठ्यानं उच्चारावं.

पश्चिमेकडून हिंदुस्थानच्या फौजेच्या गाड्या येताहेत, ऐका. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागतो आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडतं. चार दिवसांनी, 17 तारखेला, निजाम शरण येतो. गावोगाव लोक रस्त्यावर उतरतात. हिप्परग्याच्या ज्या राष्ट्रीय शाळेत मुक्तिलढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुलांना शिकवलं, तिच्या परिसरात त्या दिवशी काय आनंद असेल याची कल्पना करा. मीही तो आनंद कमी लेखणार नाही. मराठवाडा दरवर्षी हा दिवस झेंडा लावून साजरा करतो आणि करायलाच हवा.

पण तुम्ही परतू नका. 18 तारखेला इथंच थांबा.

एका कोष्ट्याच्या घरात शिरा. घराचं आणि माणसांचं नाव विचारू नका, अशी घरं बरीच होती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात माग, मागावर अर्धं लुगडं. शेजारच्या आळीत मुसलमान मोमीन राहतात, तेही विणकर. फणी मोडली की एकमेकांची आणायची, सूत महाग झालं की मिळून बोटं मोडायची. आडही एकच. आज मागाच्या खड्ड्यात, अर्ध्या लुगड्याखाली, मोमिनाची बायको आणि दोन पोरं बसली आहेत. धाकट्याच्या तोंडावर आईचा हात आहे.

दार वाजतं. बाहेर ओळखीचे आवाज आहेत, हेच वाईट.

‘‘आत कोन हाय?’’

‘‘माझं लेकरू आजारी हाय,’’ कोष्टीण उंबऱ्यात आडवी उभी राहून म्हणते. ‘‘पाय ठिवशीला तर मला तुडवून जावं लागंल.’’

तुम्ही तिच्या मागे, अंधारात. तुमचा हात कडीवर आहे. ही कोष्टीण मावशी एवढ्या जोरात श्वास घेते आहे की खड्ड्यातल्या पोरालाही तो ऐकू जावा. आवाज काही वेळ घुटमळतात आणि पुढच्या आळीकडे जातात. पुढच्या आळीत कुणी कोष्टीण नाही.

ती मावशी माझ्या मनानं उभी केलेली आहे. पण तिच्यासारखी माणसं होती, याला लेखी साक्ष आहे. डिसेंबरात जा, ज्वारी पोटरीत आली असताना. दिल्लीहून आलेली एक मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरते आहे: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर या दिवसांत ते 9 जिल्हे पाहतात. ज्या गावांना जाता येत नाही अशा 109 गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांना भेटतात. दोन्ही समाजांच्या सभांत बोलतात. त्यांच्या अहवालातला अंदाज: पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या या लष्करी कारवाईच्या, दरम्यान आणि नंतर संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, त्यांपैकी जेमतेम तीन हजार उरलेले सापडले.

आणि आड. प्रेतं आडांत टाकली होती. त्यांनी वाकून पाहिलं. पाण्याला तरसणाऱ्या या मुलखात आड नासवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्याच अहवालात, त्याच शाईनं, रझाकारांचे अत्याचारही लिहिले आहेत. आणि हेही लिहिलं आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंपासून वाचवलं, त्यात स्वतःचे जीवही गमावले. पळवलेल्या मुसलमान बायकांना परत आणायला अनेक हिंदू धावले. तीन गोष्टी एकाच कागदावर. आम्ही मात्र त्यांच्या वाटण्या केल्या. एका घरात रझाकारी सांगतात, दुसऱ्या घरात ॲक्शन, आणि कोष्टिणीची गोष्ट कुणाच्याच वाट्याला आली नाही. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. पोरांना निम्मं पाणी पाजून आपण मोठं केलं, असं मला मनापासून वाटतं.

आता एका खऱ्या बेटावर या. सायप्रस. ग्रीक आणि तुर्क सायप्रियट, एक राजधानी, मधून जाणारी पट्टी. तिथं 1981 मध्ये संघर्षात बेपत्ता झालेल्या माणसांसाठी दोन्ही समाजांची मिळून एक समिती झाली. 2002 नावं: 1510 ग्रीक, 492 तुर्क. आज दोन्हीकडचे शास्त्रज्ञ शेजारी बसून हाडं जुळवतात. ही हाडं विहिरींतूनही निघाली. टेबलाजवळ उभे राहा: तुर्क मुलगी ग्रीक माणसाची बरगडी जागेवर ठेवते आहे, मग उलटं. एक हजाराहून अधिक माणसं अशी नावानिशी घरी गेली. बेट अजून दुभंगलेलंच आहे. पण निदान कुणाचा बाप कुठं आहे, हे शेजाऱ्यानं शोधून दिलं.

परत नळदुर्गला या, यात्रेच्या तयारीच्या दिवसांत. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच आहे. देव वर्षातला मोठा काळ अणदूरला राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गला. प्रत्येक वेळी नेताना-आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. मागच्या वर्षीचा कागद या वर्षी चालत नाही. याच देवाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणत आले आहेत.

भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला आहे. गर्दीतून वाट काढत पुढे व्हा. रस्त्याकडेला एका दारात म्हातारी पाण्याची घागर भरून ठेवून बसली आहे, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. तिचं आडनाव विचारायची इच्छा तुम्हाला होईल.

‘‘घे बाबा, लांबून आलास,’’ ती तांब्या पुढे करते.

ओंजळ धरा. पाणी गार आहे. कुठल्या आडाचं, हे तिला विचारा, आणि ती सांगेल तेवढा वेळ उभे राहा.