चाळीतला शेजार

चाळ म्हटली की नळावरची भांडणं आणि गॅलरीतल्या गप्पा आठवून आपण हसतो. पण वाचकहो, चाळ काही हौसेनं उभी राहिली नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला, आणि पुढं कोकणातून, घाटावरून माणसांची रीघ लागली. काम मिळालं, पण डोक्यावर छप्पर? ते बहुतेकांना एका खोलीचं, आणि तेही भागीदारीत. एकाच गावची मंडळी मिळून खोली घेत. पहिल्या पाळीचा गडी वळकटी गुंडाळी, तेव्हा दुसरा आपली पसरी. बायकामुलं गावी, जेवण त्याच आळीतल्या खानावळवाल्या बाईकडं, आणि हिशेब पगाराच्या दिवशी.

या दाटीची किंमत १८९६ च्या प्लेगनं वसूल केली. सरकार जागं झालं. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला. १९२० नंतर विकास खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळ तीन मजली, खोल्या ऐंशी, आणि खोली केवळ १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर, सगळ्यांचे मिळून.

आता पाहा, एवढ्याशा जागेत दार लावून बसणार कोण? म्हणून दारं उघडी राहिली. पोरं शेजारी जेवली, बाळंतिणीचं पाणी शेजारणीनं तापवलं, मनिऑर्डरीचा फॉर्म शिकलेल्या शेजाऱ्यानं भरून दिला. हा शेजारधर्म गरजेतून आला. त्याला कुंपणही होतं. पुष्कळ चाळी गाववार, जातवार वसल्या होत्या. उघडं दार सगळ्यांनाच उघडं नव्हतं.

पण याच चाळींनी माणसं घडवली, हेही विसरून चालणार नाही. परळला सुधार ट्रस्टच्या चाळीत डॉ. आंबेडकरांचं बिऱ्हाड सुमारे बावीस वर्षं होतं. दोनच खोल्या, एक संसाराला, दुसरी अभ्यासाला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला. जगभरचे ग्रंथ वाचणारा हा विद्वान रोज गिरणीकामगारांच्या शेजारात उठत-बसत होता. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. तोही चाळीच्या चौकातच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच नळ, घरातच संडास. पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला याचं मोल कुणी सांगायला नको, आणि त्याच्यापुढं जुन्या चाळीचे गोडवे गाण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरू या. काल जागेच्या टंचाईनं शेजार आपसूक जोडला होता. उद्या दार बंद करता येईल, आणि म्हणूनच ते उघडणं हा आपला निर्णय असेल. तो शेजार कालच्यापेक्षा मोठाही होऊ शकेल, कारण दार कुणासाठी उघडायचं हे तेव्हा गाव किंवा जात ठरवणार नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागेल.