शब्दकोड्यांची रचना

चौकोनी घरांच्या जाळीत परस्परांना छेदणारे आडवे व उभे शब्द बसवणे आणि प्रत्येक शब्दासाठी शोधसूत्र लिहिणे म्हणजे शब्दकोड्याची रचना होय. रचनाकाराला उत्तर आधीच ठाऊक असते. त्यामुळे आपल्याच शोधसूत्रातून दुसरेही बिनचूक उत्तर निघते, हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही. असा दोष बहुधा सोडवणाऱ्यांच्या पत्रांतून उघड होतो. म्हणून त्यांचे अभिप्राय तपासणे व चूक दुरुस्त करणे हा रचनेचाच एक भाग मानला जातो.

इतिहास

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन यांच्या कोड्यापासून मानतात. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्याची जाळी हिऱ्याच्या आकाराची होती. पुढे वाचकही स्वतः रचलेली कोडी पाठवू लागले. त्यांची निवड करण्याचे काम मार्गारेट पेदरब्रिज (विवाहानंतर फरार) यांच्याकडे आले. प्रारंभी त्या केवळ जाळीचा नेटकेपणा पाहून कोडे निवडत असत. छापील कोड्यांतील चुकांबद्दल तक्रारी वाढल्यावर त्यांनी एक कोडे स्वतः सोडवून पाहिले, तेव्हा त्यातील दोष त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर प्रत्येक कोडे छापण्यापूर्वी सोडवून तपासण्याची शिस्त त्यांनी लावली. १९४२ मध्ये त्या 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या पहिल्या शब्दकोडे-संपादक झाल्या.

ब्रिटनमध्ये गूढ शोधसूत्रांची परंपरा वाढली. 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिक वृत्तपत्रात डेरिक सॉमरसेट मॅकनट हे 'झिमेनीस' या टोपणनावाने १९३९ पासून कोडी रचत असत. शोधसूत्रात उत्तराची अचूक व्याख्या असावी, शब्दखेळातून तेच उत्तर प्रामाणिकपणे मिळावे आणि याखेरीज एकही जादा शब्द नसावा, हे तत्त्व त्यांच्या नावाशी जोडले जाते. ते वाचकांसाठी शोधसूत्र-लेखनाच्या स्पर्धा घेत आणि आलेल्या शोधसूत्रांवरील आपले अभिप्राय छापील पत्रकाद्वारे त्यांना पाठवत.

मराठी जाळीची वैशिष्ट्ये

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर येते. स्वरचिन्ह, अनुस्वार व जोडाक्षर ही त्या अक्षरातच धरली जातात. 'पुस्तक' या शब्दाला तीन घरे (पु, स्त, क) लागतात, तर 'महाराष्ट्र' या शब्दाला चार (म, हा, रा, ष्ट्र). इंग्रजीत घरात येऊ शकणारे वर्ण २६ आहेत. मराठीत बाराखडी व जोडाक्षरे मिळून ही संख्या शेकड्यांत जाते. त्यामुळे दोन शब्दांचा छेद साधणे कठीण होते, काळी घरे अधिक ठेवावी लागतात आणि अनेक घरांना दुसऱ्या शब्दाचा आधार मिळत नाही. शोधसूत्र अचूक असण्याची गरज त्यामुळे वाढते.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न छेदाच्या घरात विशेष जाणवतो. 'कवी' या शब्दाचे अखेरचे अक्षर 'वीणा'शी जुळते, पण 'विहीर'शी जुळत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनुसार असे तत्सम शब्द दीर्घान्त लिहिले जातात. मात्र त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'कवि' असे लेखन आढळते. काही रचनाकार छेदात ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतात. ती घेतल्यास कोड्याच्या आरंभीच तशी सूचना देणे उचित ठरते.

शोधसूत्रे

साध्या शोधसूत्रात उत्तराचा अर्थ दिलेला असतो व कंसात अक्षरसंख्या असते. गूढ शोधसूत्रात अर्थाबरोबर शब्दखेळही असतो. 'सरकारला द्यावा लागणारा हात (२)' याचे उत्तर 'कर' आहे. येथे एकाच शब्दाचे दोन अर्थ साधले आहेत. 'नदी उलटी वाहिल्याने गरीब (२)' याचे उत्तर 'दीन' आहे. 'नदी'ची अक्षरे उलट क्रमाने वाचली की ते मिळते. 'एक मळकट पिशवी, आत दडले फूल (३)' यात 'कमळ' पहिल्या दोन शब्दांत सलग दडलेले आहे.

सोडवणाऱ्यांचे अभिप्राय

आक्षेपांचे स्थूलमानाने चार प्रकार आढळतात.

पहिला, लेखनाचा वा माहितीचा. अशा वेळी 'महाराष्ट्र शब्दकोश' यांसारख्या कोशांचा आधार घेतला जातो.

दुसरा व सर्वांत गंभीर आक्षेप पर्यायी उत्तराचा. 'सूर्य (२)' या शोधसूत्राला रवी, भानू, मित्र, अर्क ही सारी उत्तरे चालतात. 'भाकरीबरोबर खाल्ला जाणारा बेसनाचा पदार्थ (३)' याला 'झुणका' व 'पिठले' दोन्ही योग्य ठरतात; 'कोरडा' हे एक विशेषण घातले असते तर 'झुणका' निश्चित झाला असता. छेदातील अक्षरांनीही निर्णय होत नसेल, तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून उत्तरांसोबत तसे नमूद करणे न्याय्य समजले जाते.

तिसरा आक्षेप शब्दखेळाच्या नेटकेपणाचा. वरील 'कमळ'च्या शोधसूत्रात 'पिशवी' वाक्याला शोभते, पण उत्तरासाठी निरुपयोगी आहे. झिमेनीस यांच्या तत्त्वाने तो दोषच आहे.

चौथा आक्षेप दुर्बोधतेचा. बोलीतील शब्द वापरल्यास शोधसूत्रात त्या प्रदेशाचा उल्लेख केला जातो. मात्र एखाद्याला उत्तर आले नाही, एवढ्यावरून शोधसूत्र सदोष ठरत नाही. उत्तर कळल्यानंतर ते शोधसूत्राशी पूर्णपणे जुळते का, ही खरी कसोटी आहे.

बक्षिसाच्या स्पर्धा आणि कायदा

कोड्यावर बक्षीस लावले की पर्यायी उत्तराचा प्रश्न पैशाचा होतो. भारतात अशा स्पर्धांवर १९५५ च्या बक्षीस स्पर्धा अधिनियमाने निर्बंध आणले. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्याची एक स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरवली. आयोजकांनी आधीच तयार केलेले उत्तर कोणते असेल, याचा तर्क करण्याचेच आवाहन त्यात स्पर्धकांना होते. त्याच वर्षीच्या संबंधित निर्णयात, ज्या स्पर्धांतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्यांना १९५५ चा अधिनियम लागू नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्या शोधसूत्राची दोन उत्तरे सारखीच योग्य असतात, तेथे सोडवणाऱ्याचे भाषाज्ञान निरुपयोगी होते आणि उरते ते केवळ दैव.