‘थ’ आणि ‘स’च्या मधोमध

मोबाइल घरीच राहू द्या. आपण निघालोय तिथून मुंबईला फोन लावायचा तर टेलिग्राफ ऑफिसात जाऊन ताटकळावं लागतं. स्वेटर मात्र एकावर एक दोन चढवा आणि पायांत जाड मोजे घाला. काळ आहे १९८५चा डिसेंबर. गाव शीआन, चीनच्या शान्शी प्रांतातलं. आणि तुमचं काम? कॉलेजातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं.

पोचल्या पोचल्या नाकात वास शिरतो तो दगडी कोळशाचा. इथे घरोघरी कोळशाच्या भुकटीच्या गोल वड्या जळतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार भोकं असलेल्या. त्यांचा धूर थंडीत वर जायचं नाव घेत नाही. गल्लीत लोळतो, मफलरीत शिरतो, जिभेवर बसतो. त्यात मिसळते पिवळी माती. उत्तरेच्या पठारावरून ती पिठासारखी बारीक होऊन वाऱ्याबरोबर येते आणि बंद खिडकीच्या फटीतूनही आत शिरते. सकाळी टेबलावर बोट फिरवा, रेघ उमटते.

साडेसहाला खांबावरचा कर्णा सुरू होतो. आधी खरखर, मग बँड, मग कवायतीचे आकडे. तुम्ही दचकून उठता, तर बाहेर काळाकुट्ट अंधार! घड्याळ बरोबर आहे. अख्ख्या चीनला एकच वेळ, बीजिंगची. शीआन पडलं बरंच पश्चिमेला, त्यामुळे हिवाळ्यात इथला सूर्य पावणेआठच्या सुमारास कधीतरी उगवतो. तोवर सगळं शहर अंधारातच उठतं, तोंड धुतं, कवायत करतं.

खोलीत दोन थर्मास आहेत, पत्र्यावर लाल फुलं रंगवलेले, तोंडाला बूच लावलेले. त्यातलं कालचं पाणी अजून कढत आहे. इथे पाणी पितात ते गरमच. झाकणाच्या मगात ओता, दोन्ही हातांनी धरा, बोटं जागी होऊ द्या. आता कोट घालून निघा.

दार उघडताच ऐकू येतो एक विचित्र गलका. भांडण वाटावं इतका मोठा, पण कुणीच कुणावर ओरडत नाहीये. जवळ जाऊन बघा. झाडांच्या रांगेत प्रत्येक बुंध्यासमोर एकेक मुलगा किंवा मुलगी उभी आहे. अंगात कापूस भरलेले फुगीर कोट, हातमोज्यांत पुस्तक, तोंड झाडाकडे. खांबावरच्या मिणमिणत्या दिव्यात जो तो आपापला इंग्रजी धडा मोठ्यांदा वाचतोय. आपल्या शाळेत पाढे म्हणायचे तसंच, फक्त इथे प्रत्येकाचा पाढा वेगळा. कुणी लंडनच्या बसचं तिकीट काढतंय, कुणी हॉटेलात सूप मागवतंय. लंडन यांच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. पाय गोठू नयेत म्हणून ती जागच्या जागी उड्या मारतात, पण वाचन तुटत नाही.

तुम्ही पुढे झालात की एकेक पुस्तक खाली येतं. “गुड मॉर्निंग, टीचर!” नावाने कोणीच हाक मारणार नाही. चिनीत शिक्षकाला ‘लाओशी’ म्हणतात आणि तोच मान इंग्रजीत ‘टीचर’ होऊन येतो. आपल्या ‘सर’ नि ‘बाईं’सारखाच.

वर्गात चला. हिटरच्या लोखंडी नळ्या आहेत, पण हात लावला तर कोमट. मुलं कोट घालूनच बसलीत. मॉनिटर मुलीने फळा पुसून ठेवलाय, टेबलावर थर्मास आणि झाकणाचा कप मांडलाय. ती काहीतरी म्हणते आणि सगळा वर्ग एका झटक्यात उभा राहतो. चाळीसएक चेहरे, थंडीने लाल झालेले गाल, शाई लागलेली बोटं. बाकांवर अलेक्झांडरांच्या ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’च्या प्रती, इतक्या हाताळलेल्या की कोपरे कापसासारखे मऊ झालेत. काहींनी बीबीसीची ‘फॉलो मी’ मालिका टीव्हीवर बघून पाठ केलीय, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत, माना उंच करून.

तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा बघा. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून आलाय. घर म्हणजे मातीच्या कड्यात कोरलेली कमानीची खोली. इंग्रजी शिकला रेडिओवरून. शब्दकोशाची पानं त्याला पाठ आहेत, खरोखरची पाठ. ‘एफ’ अक्षरापर्यंत काहीही विचारा. पण ‘आय थिंक’ म्हणायला सांगा, की तो म्हणतो, “आय सिंक.”

तुम्ही सांगता, “सिंक नाही, थिंक.” तो पुन्हा म्हणतो, “सिंक.” तुम्ही आवाज चढवून म्हणता, “थिंक.” आणि तिथेच तुम्हाला खटकतं. जिभेकडे लक्ष द्या बरं. ती वरच्या दातांच्या मागे टेकली, हवा अडली, मग सुटली. हा तर आपला मराठी ‘थ’, थाळीतला, थंडीतला! इंग्रजी शब्दातली हवा अडत नाही, जीभ आणि दात यांच्या फटीतून ती सरकत राहते. पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घासली, परीक्षा दिल्या, नोकऱ्या केल्या, आणि इतकी वर्षं ‘थिंक’ म्हणत होतो ते आपल्या थाळीतल्या ‘थ’नेच. त्याची जीभ ‘स’वर घसरते, तुमची ‘थ’वर अडते. खरा उच्चार दोघांच्या मधोमध कुठेतरी आहे.

हे वर्गाला सांगायचं का? सांगा. फळ्यावर तीन तोंडं काढा, आतल्या जिभेसकट, आणि सांगून टाका की माझंही चुकतं. क्षणभर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरते. इथे शिक्षक चुकत नसतो. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, अगदी हळू. “टीचर, म्हणजे तुम्हीसुद्धा इंग्रजी शिकलात? आमच्यासारखं?” अगदी तुमच्यासारखंच, पुस्तकातून, घोकून. चाळीस चेहऱ्यांवरून काहीतरी सैल होत जातं, ते बघून घ्या. इंग्रजी जन्माने मिळालेला माणूस त्यांना उच्चार अचूक ऐकवेल. पण ती परकी असताना तोंडात कशी बसवायची, ते मात्र तुम्हीच दाखवू शकता.

चला, सगळ्यांना बाहेर काढा. अंगणात उन्हाचा फिकट चौकोन पडलाय आणि हवा शून्याच्या आसपास आहे. सांगा, “जिभेचं टोक दातांत धरा. चावू नका. आता फुंका.” ‘स’ म्हणणाऱ्याच्या तोंडून वाफेची बारीक सुई निघते. मराठी ‘थ’ने एकच गुबारा फुटतो आणि संपतो. पण जीभ बरोबर बसली की वाफेचा रुंद, मऊ पदर सलग निघत राहतो. आवाज डोळ्यांना दिसतो! चाळीस मुलं एकमेकांच्या तोंडासमोर वाकून वाफ तपासताहेत आणि खिदळताहेत. तुम्हीही त्यांतच. तिसऱ्या बाकावरचा मुलगा मात्र हसत नाही. तो भिंतीकडे तोंड करून एकटाच फुंकतोय. त्याची वाफ अजून सुईच आहे.

बारा वाजले. मुलं आपापला वाडगा आणि चमचा घेऊन मेसकडे पळतात, सगळीकडे पत्र्याचा खणखणाट. तुम्ही फाटकाबाहेरच्या टपरीकडे वळा. नूडल्स मिळतात त्या वजनावर. दोन ल्यांग म्हणजे शंभर ग्रॅम, आणि पैशांबरोबर धान्याचं कुपनही द्यावं लागतं. रेशनच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स उकळून वाडग्यात पडतात. वर मीठ, पातीचा कांदा, लसूण आणि लाल तिखटाची ढिगुली. आता कान टवकारा. आचारी धूर निघेपर्यंत तापलेलं तेल पळीने त्या तिखटावर ओततो. चर्रर्र!

डोळे आपोआप मिटतात ना? फोडणीच आहे ही. मोहरी नाही, हिंग नाही, कढीपत्ता नाही, तरी छातीत तीच ऊब आणि नाकात तोच ठसका. आचारी तुमच्याकडे निरखून बघतो. “यिंदू?” इंडिया? तुम्ही मान डोलावता. आणि तो पळी हातात तशीच धरून राज कपूरच्या ‘आवारा’चं गाणं म्हणायला लागतो. शब्द चिनी कानांनी ऐकलेले, पार बदललेले, पण चाल चोख. रांगेतले दोघे-तिघे साथ देतात. हा सिनेमा इथे गावोगाव पाहिलाय लोकांनी. न समजणारी भाषा तोंडात घोळवत ठेवायची यांची सवय आजची नाही.

जेवणानंतर सगळं गाव झोपतं. वामकुक्षी इथेही पवित्र, दोनपर्यंत कोणाचं दार वाजवायचं नाही. दोनला मॉनिटर मुलगी, तिची मैत्रीण आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा सायकली घेऊन हजर. ‘फ्लाइंग पिजन’, काळी, जड, डबलबारची. तुमच्यासाठीही एक आणलीय. टांग टाका.

रस्ता म्हणजे सायकलींची नदी. घंट्यांचा अखंड किणकिणाट, पांढरे कापडी मुखपट्टे, हँडलला लटकवलेला कोबीचा गड्डा. हॉर्न वाजवणाऱ्या मोटारी मोजक्याच. गव्हाच्या कोवळ्या, धुळीने माखलेल्या पात्यांपलीकडे सात मजल्यांचा तांबूस-पिवळा विटांचा मनोरा दिसतो. त्याला म्हणतात मोठा रानहंस पॅगोडा. ह्युएनत्सांगने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी तो ६५२ साली बांधला. ६५७ ग्रंथ आणले त्याने. मुलं त्याला ‘तांग भिक्षू’ म्हणतात, घरच्या आजोबांबद्दल बोलावं तितक्या सहज.

मॉनिटर विचारते, “टीचर, तो तुमच्या गावी आला होता?” आला होता. महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्यात. तिथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं लिहून ठेवलंय त्याने. तिघं तुमच्याकडे जरा सावधपणे बघतात, आणि मग सगळेच हसता. “आणि त्याला तुमची भाषा यायची?” संस्कृत यायची. नालंदात बसून शिकला. परत आल्यावर मरेपर्यंत भाषांतर करत राहिला. तिसऱ्या बाकावरचा मुलगा इतका वेळ गप्प होता. तो मनोऱ्याकडे बघत म्हणतो, “त्यालाही कुणीतरी जीभ कुठे ठेवायची ते दाखवलं असेल.”

अंधार पडायच्या आत तटाच्या आत शिरा. मिंग काळातला तट, बारा मीटर उंच, शहराच्या पोटाभोवती पावणेचौदा किलोमीटर गुंडाळलेला. दक्षिण दरवाजाच्या कमानीत हजारो घंट्या एकदम घुमतात. पुढे बेल टॉवर, त्याच्यापुढे ड्रम टॉवर, आणि त्यामागे हुई मुसलमानांची वस्ती. इथे कोळशाच्या वासावर मटणाचा, जिऱ्याचा, भाजलेल्या तिळाचा वास मात करतो. तेलात तळलेली नारिंगी, चिकट पर्सिमनची टिक्की हातात घ्या. जीभ भाजेल, फुंकून खा. रताळी पत्र्याच्या पिंपात भाजताहेत. गर्दीत खांद्याला खांदा लागतो, आणि थंडीत ते बरंच वाटतं.

एका हॉटेलात तुम्ही चौघं बसता. समोर रिकामे वाडगे येतात आणि जाड, घट्ट रोट्या. रोटी आपणच कुस्करायची, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि उकळत्या मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. तुकडे मोठे झाले तर आचारी मनातल्या मनात नाव ठेवतो, असं मॉनिटर बजावते. कुस्करायला अर्धा तास लागतो. हात गुंतलेले, म्हणून तोंडं मोकळी. अर्धा तास फक्त इंग्रजी बोलायचं, असं ठरतं. वर्गात मान खाली घालणारी मैत्रीण इथे रोटी कुस्करत कुस्करत आपल्या आजीची गोष्ट सांगते. काळ चुकतात, वचन चुकतं, पण आजी डोळ्यांसमोर उभी राहते. तुम्ही दुरुस्त करायला तोंड उघडता आणि मिटता. रश्शाची वाफ चष्म्यावर चढते. सोबतचा गोड लसूण कुरकुरतो. तिसऱ्या बाकावरचा मुलगा सगळ्यांत बारीक तुकडे करतोय, एकेक, घाईशिवाय. त्याचा वाडगा सर्वांत शेवटी आत जातो.

परतल्यावर पोर्च ओलांडताना फाटकावरचे काका विचारतात, “छ्र ल मा?” जेवण झालं का? या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, ते मराठी माणसाला कुणी शिकवायला नको.

अकराला वसतिगृहाचे दिवे जातात. एका खोलीत सात-आठ जण, दुमजली खाटा, पांघरुणात बॅटरी. तुम्ही झोपायच्या आधी खिडकीचा पडदा सारता. खाली रस्त्याच्या एकमेव दिव्याखाली कुणीतरी उभं आहे. कोटाच्या बाह्या ओळखीच्या आहेत. ऐकू काहीच येत नाही, काच बंद आहे. पण दिसतंय. तोंडातून वाफ निघते, सुईसारखी. थांबतो. पुन्हा सुई. थांबतो, पाय आपटतो, बोटाने जीभ चाचपतो. पुन्हा.

तुम्ही नकळत जीभ दातांत धरता आणि काचेवर फुंकता. गुबारा फुटतो आणि संपतो. जुनी सवय. पुन्हा फुंकता, हवा अडू न देता, आणि काचेवर धुकं पसरत जातं. ते निवळेपर्यंत थांबावं लागतं. निवळतं, तेव्हा खाली दिव्याखाली एक रुंद, मऊ, सलग पदर हवेत तरंगत असतो.