होशंगाबादची तीस वर्षे : प्रयोग, परीक्षा आणि शालेय विज्ञान

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. २०१६ मध्ये नीती आयोगाने सुरू केलेल्या या योजनेत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी त्रिमितीय मुद्रक, संवेदक, मायक्रोकंट्रोलर आणि विद्युत उपकरणांचे संच दिले जातात. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मुलांनी विज्ञान हातांनी शिकावे, हा त्यामागचा विचार आहे.

हा विचार भारताला नवा नाही. सहा दशकांहून अधिक काळ तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा मांडला गेला आहे. त्यांपैकी सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या प्रयत्नाचा इतिहास आज मुद्दाम आठवण्याजोगा आहे. कारण तो प्रयत्न साहित्याच्या टंचाईने थांबला नाही.

🔹 पहिले पाऊल : प्रकल्पाला शिष्यवृत्ती

१९६३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती मर्यादित होती आणि शिष्यवृत्त्या केवळ १० होत्या. पुढच्याच वर्षी ती देशभर लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० वर गेली. लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही सादर करावा लागे. शालेय वयातील मुलाने काही मोजावे, काही बांधावे आणि त्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहावे, ही अपेक्षा राष्ट्रीय पातळीवर निवडीचा भाग झाली होती. १९७७ पासून योजनेचे स्वरूप बदलले. ती सामाजिक शास्त्रांनाही खुली झाली आणि प्रकल्पाची अट मागे पडली.

मात्र या योजनेचा रोख मुळातच मोजक्या, निवडक मुलांकडे होता. खेड्यातील साध्या सरकारी शाळेत, सर्वसामान्य मुलांना, सर्वसामान्य शिक्षकाकडून असे विज्ञान शिकवता येईल काय, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हते.

🔹 नर्मदाकाठच्या १६ शाळा

ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, आजच्या नर्मदापुरममध्ये, सुरू झाला. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडी परिसरातील किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या परवानगीने १६ शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान नव्या पद्धतीने शिकवायला घेतले. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून तेथे आले होते. त्या संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक लवकरच या कामाशी जोडले गेले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ पासून त्याची धुरा ‘एकलव्य’ या संस्थेने सांभाळली.

वर्गाची रचनाच बदलली गेली. चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात सूचना आणि प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. निरीक्षण मुलांनी आपापल्या वहीत नोंदवायचे, ते फळ्यावर सर्वांसमोर मांडायचे आणि निष्कर्ष चर्चेतून काढायचा. उत्तर न सापडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्राने पाठवता येत आणि त्या पत्रांना उत्तरेही जात.

🔹 मोजमापातील चूक हाच धडा

या पद्धतीत भौतिकशास्त्र कसे उलगडते, हे लंबकाच्या साध्या प्रयोगावरून समजते. दोरीला दगड बांधून झोका द्यायचा आणि एका आंदोलनाला लागणारा वेळ मोजायचा. मुलांपाशी साधे मनगटी घड्याळ असेल, तर अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते आणि प्रत्येक टोळीचे उत्तर वेगळे येते. मग २० आंदोलनांचा एकत्रित वेळ मोजून त्याला २० ने भागायचे. चूक तेवढीच राहते, पण ती २० आंदोलनांत वाटली जाऊन प्रत्येकीच्या वाट्याला एका सेकंदाचा चाळिसावा भाग येतो. आता मात्र टोळ्यांची उत्तरे जवळ येऊ लागतात.

त्यानंतर दगड बदलायचा. जड दगड लवकर झुलेल, असा बहुतेकांचा अंदाज असतो; आकडे तो अंदाज मोडून काढतात. दोरीची लांबी चौपट केली, तर वेळ दुप्पट होतो. हा नियम पुस्तकात एका ओळीत वाचता येतो. परंतु वर्गातील पाच टोळ्यांची पाच उत्तरे का आली आणि त्यांपैकी कोणत्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न प्रत्यक्ष मोजल्याशिवाय मनात उभाच राहत नाही. मोजमापातील घट-बढ आणि संभाव्यता यांना ‘बाल वैज्ञानिक’मध्ये स्वतंत्र स्थान होते, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

🔹 आगकाड्या, सेल आणि तांब्याची तार

साहित्य स्वस्त असावे, हा केवळ काटकसरीचा भाग नव्हता. दूरच्या गावात जे तुटल्यावर पुन्हा मिळू शकत नाही, ते कपाटात कुलूपबंद होते, हा देशभरच्या शाळांचा अनुभव होता. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी सुईऐवजी बाभळीचा काटा चालत असे आणि तो प्रत्येक गावात मिळे.

१९७८ मध्ये आयआयटी कानपूरचे अभियंता अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन होशंगाबादेत आले. सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या बनवल्या. त्यांत स्थापत्यशास्त्राचा पहिला पाठ दडलेला आहे. आगकाड्यांचा चौकोन बोटाने दाबताच तिरपा होतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही, कारण तिन्ही बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोनही ठरून जातात. चौकोनात एक कर्ण बसवला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलांवर दिसणारी त्रिकोणांची जाळी याच कारणासाठी असते. ही प्रतिकृती करणाऱ्या मुलाला पुलाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी मिळते.

पुढे गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली साधी विद्युत मोटर हे दुसरे उदाहरण. टॉर्चचा सेल, त्याच्या दोन टोकांना रबरी पट्ट्याने धरलेल्या दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वार्निशाचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढे साहित्य पुरते. वेटोळ्याची दोन टोके पिनांच्या छिद्रांत टेकतात. खुबी ती टोके खरवडण्यात आहे. दोन्ही टोके सर्व बाजूंनी खरवडली, तर वेटोळे फिरण्याऐवजी बहुधा एका जागी थरथरत राहते. कारण अर्धा फेरा झाला की त्यावरील बलाची दिशा उलटते आणि ते मागे ओढले जाते. एका टोकाची एक बाजू न खरवडता ठेवली, तर नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटतो, वेटोळे आपल्याच गतीने पुढे सरकते आणि संपर्क पुन्हा जुळताच त्याला नवा धक्का मिळतो. विद्युत मोटरमध्ये दिक्परिवर्तक कशासाठी असतो, हे पहिल्या फसलेल्या मोटरीइतके स्पष्टपणे कोणतीही आकृती सांगू शकत नाही.

🔹 परीक्षा बदलण्याचे धैर्य

होशंगाबादच्या कार्यक्रमाचे खरे वेगळेपण मात्र साहित्याच्या पेटीबाहेर होते. पाठांतराची परीक्षा कायम ठेवून प्रयोगाचा वर्ग टिकत नाही, हे त्याच्या कर्त्यांनी आरंभीच ओळखले होते. म्हणून आठवीच्या शासकीय परीक्षेत विज्ञानाचे मूल्यमापनच बदलण्यात आले. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेता येत असे. प्रश्न अपरिचित आकडे आणि नव्या परिस्थिती समोर ठेवत, त्यामुळे पाहून उतरवण्याजोगे काही नसे. त्याशिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा होती.

शिक्षकांचाही तितकाच विचार झाला. सुट्टीतील प्रशिक्षण शिबिरांत शिक्षक स्वतः टोळ्यांत बसून तेच प्रयोग करीत. परिसरातील शाळांच्या शिक्षकांची मासिक बैठक होई आणि वर्गातील अडचणी तेथे मांडल्या जात. एखाद्या प्रश्नावर ‘मला ठाऊक नाही, करून पाहू’ असे शिक्षकाने म्हणणे कमीपणाचे मानले जात नसे. सरकारी यंत्रणेच्या आत राहून हे घडले, हे विशेष.

🔹 २००२ : पूर्णविराम

कार्यक्रम वाढत जाऊन १५ जिल्ह्यांतील सुमारे १,००० शाळांपर्यंत गेला. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. राज्यभर एकच अभ्यासक्रम असावा, अशी भूमिका घेतली गेली. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी फेरविचाराची मागणी केली. निर्णय बदलला नाही.

विरोधकांचा एक आक्षेप गंभीर होता आणि तो टाळून हा इतिहास पूर्ण होत नाही. आठवीपर्यंत प्रयोग करीत आलेले मूल नववीत गेले की पुन्हा व्याख्या, सूत्रे आणि पाठांतर यांच्या जगात येत असे. दहावीच्या परीक्षेत त्याच्या निरीक्षणशक्तीला गुण नव्हते. पालकांची चिंता त्यातूनच आली होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. बदल सहावी ते आठवीतच अडकून राहिला आणि वरच्या वर्गांची परीक्षा जुनीच राहिली, तर खालचे वर्गच दोषी दिसू लागतात.

🔹 आजचा प्रश्न

होशंगाबादचे संस्कार पुसले गेले नाहीत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले आपल्या परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प करू लागली. प्रा. यश पाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कृतीतून शिकण्याचा आग्रह धरला. अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी जगभर पोहोचवली.

परीक्षेची कोंडी मात्र सुटलेली नाही. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रत्यक्ष प्रयोगाला असतात. १९९८ पासून त्यात उतरणाऱ्या भारतीय संघाला मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात त्याची कसून तयारी करावी लागते. उलट, लाखो विद्यार्थ्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या जेईई आणि नीट या परीक्षांत हाताने प्रयोग करून दाखवण्याला एकही गुण नाही. प्रयोगांविषयी प्रश्न आले, तरी ते कागदावरच सुटतात. अकरावी-बारावीची प्रयोगवही अनेक ठिकाणी आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, याचे नवल वाटू नये.

नव्या ५०,००० प्रयोगशाळांतील यंत्रे उत्तम असतील. तेथे शिकवणाऱ्या शिक्षकाला दरमहा आपल्या अडचणी कोणापुढे मांडता येतील, फसलेल्या मोटरीची नोंद करणाऱ्या मुलीला त्या नोंदीचे गुण मिळतील काय आणि दहावीनंतरही त्या सवयीची कदर होईल काय, हे अजून ठरायचे आहे. होशंगाबादने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधली होती. तिसरे उत्तर मात्र त्या जिल्ह्याच्या हाती कधीच नव्हते; ते देशाने द्यायचे आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #शालेय_विज्ञान #भौतिकशास्त्र