‘लोभ असावा’ ते ‘लव्ह यू’

मंडळाच्या कार्यक्रमानंतर गप्पा रंगल्या की एक तक्रार हमखास निघते. इंग्रजी व्यवहाराला ठीक, पण तिच्यात मायेचा ओलावा नाही. मुलांना पिझ्झाही ‘ऑसम’ आणि ग्रँड कॅन्यनही ‘ऑसम’! फोन ठेवताना ‘लव्ह यू’ म्हणायचं, तेही ‘बाय’च्याच चालीवर. पण या शब्दांचा इतिहास पाहिला, तर ही तक्रार थोडी तपासून घ्यावी लागते.

‘ऑसम’च्या मुळाशी आहे ‘ऑ’, म्हणजे ईश्वरासमोर वाटणारी आदरयुक्त भीती. ‘ऑफुल’ हाही त्याच घरातला. हा भारदस्त शब्द एकोणिसाव्या शतकात घसरत ‘फार वाईट’ या अर्थावर आला आणि ‘ऑफुली’ तर नुसता ‘फार’ होऊन बसला. ‘टेरिफिक’चं उलट झालं. मूळ अर्थ भयानक, आजचा अर्थ झकास! ‘व्हेरी’ फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘खरा’. तो वापरून गुळगुळीत झाला, म्हणून ‘रिअली’ मदतीला घ्यावा लागला. जोरकस शब्दांचं नोटांसारखं असतं. जास्त छापल्या की किंमत उतरते.

नाक मुरडण्याआधी आपल्या घरात डोकावू या. ‘नाटक भयंकर आवडलं’ असं आपण म्हणतोच की! आपला ‘खूप’ हा फारसी ‘खूब’, म्हणजे चांगला. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग आणि प्रेमसुद्धा. मराठीत त्याचा संताप झाला.

भावनांच्या शब्दांची प्रतिष्ठाही काळाबरोबर बदलते. ‘एन्थुझिअ‍ॅझम’ आज नोकरीच्या मुलाखतीत हवा असतो. मूळ ग्रीक अर्थ ‘अंगात देव संचारणे’. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र ही जवळजवळ शिवी होती. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या शब्दकोशातही त्याचा अर्थ, देव आपल्याशी खासगीत बोलतो असा पोकळ समज, असाच दिला आहे. ‘इमोशन’ सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला तो लोकांमधली खळबळ, दंगा या अर्थाने. मनाच्या अभ्यासात तो पक्का बसवला एडिंबरोचे प्राध्यापक थॉमस ब्राउन यांनी. त्यांची व्याख्यानं १८२०मध्ये प्रसिद्ध झाली.

‘सेंटिमेंटल’ची कथा तर थेट मुंबईपर्यंत पोचते. आज हा शब्द थोडा हिणवायला वापरतात, पण १७५०च्या आसपास तो लंडनमध्ये अगदी फॅशनमध्ये होता. हळवं मन हे सुसंस्कृतपणाचं लक्षण मानलं जाई. लॉरेन्स स्टर्न या लेखकाच्या ‘अ सेंटिमेंटल जर्नी’ने १७६८मध्ये त्यावर कळस चढवला. हा लेखक ज्या एलायझा ड्रेपरसाठी झुरत होता, ती मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची पत्नी. १७६७मध्ये लंडनला दोघांची ओळख झाली आणि काही महिन्यांतच ती मुंबईला परतली. पुस्तकातही तिचा उल्लेख आहे. ते आलं आणि पुढच्याच महिन्यात स्टर्न वारला. एलायझा १७७३मध्ये माझगावच्या बेल्व्हेडिअर हाउसमधून, नको झालेल्या संसारातून, पळून गेली. ज्या समाजाला आपण कोरडा समजतो, तो त्या काळी हळवेपणाचा असा अभिमान बाळगत होता.

आता ‘लव्ह’. सर विल्यम जोन्स यांनी १७८६मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी असेच धागे जुळवले आणि इंग्रजी ‘लव्ह’ व संस्कृत ‘लुभ्’ धातू एकाच प्राचीन मुळाचे ठरले. ‘लुभ्’पासूनच ‘लोभ’. एकीकडे तो षड्रिपूंमध्ये बसला, तर दुसरीकडे ‘लोभ असावा ही विनंती’ म्हणत आपल्या पत्रांच्या शेवटी आला. पत्राखाली तो शिरस्त्याने लिहिला जाई, म्हणून लिहिणाऱ्याची माया खोटी नव्हती.

‘लव्ह यू’ म्हणजे तेच आजच्या पिढीचं ‘लोभ असावा’. तेव्हा मुलांनी घाईत म्हटलं तरी ते पत्राच्या शेवटच्या ओळीसारखं वाचावं, आणि त्यांना सांगावं की हा शब्द आजीच्या पत्रांतही होता. नातं जुनं आहे, हे त्यांनाही कळू दे!