सरकारचे उन्हाळी घर
माझे घर नागपूरच्या जरीपटक्यात. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्यांची ही वस्ती. म्हणूनच, महादेवाच्या यात्रेमुळे विदर्भाला परिचित असलेल्या पचमढीत एका जुन्या साहेबी बंगल्यात दोन रात्री राहिलो, तेव्हा मनात विचार आला तो घराचाच.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर राजधानी ठरले. १८६२ मध्ये कॅप्टन जेम्स फोर्सिथ सातपुड्यातल्या या पठारावर आला. त्याने 'बायसन लॉज' बांधले. पुढे नागपूरचे ऊन सोसेना, तेव्हा सरकारच उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले.

ज्या कोरकूंचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे रान, त्यांचे नाव मी पाहिलेल्या एकाही फाटकावर नव्हते. उन्हाळी घराचा इतिहास लिहिताना तिथे बारमाही राहणारे कोण, हे आधी विचारायला हवे.